ताईला आणलंय

खोपोली, २१ ऑगस्ट २०२४

जितू,

राखी तुझ्या सुरभीकडे ठेवून आले. तू खत आणायला कडावला गेलायस, असं आई म्हणाली. तुझी गाडी पडवीत होती आणि चावी खिळ्याला लटकत होती. आई माझ्याकडे न बघता बोलत होती, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. घावन खाल्लं, चहा घेतला आणि निघाले. फाटकापाशी रियानं विचारलं, "मामा आपल्यावर रागावलाय का?" मी म्हटलं, शेतीचे दिवस आहेत, कामात असतो.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे कागदावर लिहितेय.

बाबांच्या दहाव्याला पेज नदीच्या काठी तू जे बोललास ते मी विसरायचा खूप प्रयत्न केला. कावळा शिवत नव्हता. ऊन चढत होतं. शेत विकणार नाही म्हणून तू सांगितलंस, आईला सांभाळीन म्हणून सांगितलंस, तरी तो झाडावरून उतरेना. मग तू सगळ्या भावकीसमोर माझ्याकडे बोट केलंस. "कसा शिवंल? बाबांचा सगला जीव हिच्यात. आन हिच्या डोल्यात टिपूस नाय. ते गेल्या दिसापासून चहा वाटत फिरतेय, लग्नघर असल्यावानी."

मोतीआत्यानं शेवटी दर्भाचा कावळा करायला लावला.

चहा मी वाटला हे खरं आहे. बाबांना शेतावरून आणून ओटीवर ठेवलं होतं, आईची शुद्ध सारखी हरपत होती, सुरभी तिला धरून होती आणि अंगणात माणसं येतच होती. कोणीतरी चूल पेटवायला हवी होती. पण तू म्हणालास ते चहाबद्दल नव्हतं, मला कळतं. बाबा ओटीवर होते आणि दूध पुरेल का, हा विचार माझ्या डोक्यात चालू होता. तो तुला माझ्या तोंडावर दिसला. मोतीआत्या माझी पाठ चोळत म्हणत होती, "रड गं पोरी, मोकली हो." मी डोळे मिटून घेतले, तिला बरं वाटावं म्हणून.

त्या दिवसांत माझी तब्येत बरी नव्हती. आज एवढंच लिहिते.

राखी बांध. बायकोकडून, सुरभीकडून बांधून घेतलीस तरी चालेल.

ताई


खोपोली, ५ नोव्हेंबर २०२४

जितू,

भाऊबीजेला तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी सकाळी बासुंदी आटवायला ठेवली. दुपारी तुझ्या भावजींनी ती न बोलता खाल्ली. मग म्हणाले, "सांगून टाक त्याला. लपवून कोणाचं भलं झालंय?"

तर सांगते. मी गेली दोन वर्षं डोक्याच्या डॉक्टरची गोळी घेते. रोज. सासूबाईंना रक्ताची गोळी म्हणून सांगितलंय. तुम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी कुंभिवलीच्या कंपनीत पॅकिंगला होते तेव्हा हे सुरू झालं. बस हायवेच्या पलीकडे सोडायची आणि रस्ता ओलांडून जावं लागायचं. एक दिवस मधे दुभाजकापाशी उभी होते आणि छातीत असं काही उडायला लागलं की वाटलं, इथंच पडणार आता. हातपाय गार पडले. बरोबरच्या बायकांनी धरून पलीकडे नेलं. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर हसले, म्हणाले, घोड्यासारखं काळीज आहे तुमचं, जा घरी. मला बरं वाटायला हवं होतं. पण घरी येता येता परत तेच झालं.

मग ते रोजचं झालं. परीक्षेचा पेपर हातात पडायच्या आधी पोटात कसं होतं? तसं, सकाळी डोळे उघडल्यापासून, काही कारण नसताना. गॅसचं बटण बंद केलं की नाही ते बघायला मी जिन्यातून परत यायचे, पुन्हा परत यायचे. भावजींना ड्यूटीवरून यायला थोडा उशीर झाला की मी मनातल्या मनात त्यांचं दिवसकार्यसुद्धा उरकून बसलेली असायचे. रियाला शाळेत सोडायचे आणि फाटकासमोर रसवंतीच्या बाकड्यावर शाळा सुटेपर्यंत बसून राहायचे. घरी जाऊच शकायचे नाही. पगार कमी म्हणून कुंभिवलीची नोकरी सोडली, असं तुम्हाला सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. मला तो रस्ता ओलांडता येत नव्हता.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, गंडा बांधला. बिचाऱ्यांनी जे येत होतं ते केलं. शेवटी भावजी मला पनवेलला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही." मला तोपर्यंत वाटत होतं, मीच अशी आहे.

गोळी एवढीशी, पांढरी. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. भाताच्या वासानं मळमळायचं, जांभया थांबायच्या नाहीत, हात कापायचे आणि भीती तर उलट वाढली. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी तेव्हाच सोडली असती. मग एका दुपारी मेथी निवडत बसले होते आणि लक्षात आलं की रियाची घरी यायची वेळ होऊन गेलीय आणि मी घड्याळाकडे बघितलेलंच नाही. जुडी हातात धरून मी तशीच बसून राहिले. इतकं शांत असतं होय घर! लोक रोज असेच जगतात?

पण भीती गेली तिच्यासोबत आणखीही काही गेलं. रियाला चित्रकलेचं बक्षीस मिळालं, मला आनंद झाला, म्हणजे आनंद व्हायला हवा हे कळलं. सिनेमात सगळे रडले तेव्हा मी कोरडी. बाईंनी विचारलं होतं की असं काही होतंय का. मी नाही म्हणाले. त्या गोळी बदलतील आणि ते सगळं परत येईल, याची मला धास्ती वाटली.

अशात बाबा गेले. उन्हाळी भात कापायला गेले आणि बांधावर पडले. मी ओटीवर त्यांच्या पायाशी बसून मनात म्हणत होते, बाबा गेले, बाबा गेले. शब्द कळत होते, पण आत पोचत नव्हते.

गोळीमुळं रडू आलं नाही, असं मी तुला ठासून लिहिणार होते. पण खरं सांगू? मलाच खात्री नाही. कदाचित गोळी नसती तर मी त्या दिवशी तुमच्या अंगणात पाऊलच टाकू शकले नसते. कदाचित ओक्साबोक्शी रडले असते. मला माहीत नाही, जितू.

आईला सांगू नकोस.

ताई


खोपोली, २ फेब्रुवारी २०२५

जितू,

माझं पत्र मिळाल्यावर तू फोन केलास. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. बोललास मात्र एकच, "मंग सोड ना त्या गोल्या. बाबांसाठी येवडं तरी कर." आणि ठेवून दिलास.

मी सोडल्या. बाईंना विचारलं नाही, भावजींना सांगितलं नाही. रोज सकाळी गोळी काढायची आणि मोरीत टाकायची.

आधी काही झालं नाही. मग मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं, झटका बसून जायचा. उभं राहिलं की घर फिरायचं. झोप उडाली. आणि हो, रडू आलं. तुला हवं होतं ना, ते आलं. आलं ते थांबेचना. भात उतू गेला म्हणून रडले. सिलिंडरवाल्यानं जोरात बेल वाजवली म्हणून रडले. बाजारात एक म्हातारी करवंदाच्या लोणच्याची बाटली पुसत बसली होती, तिला बघून रडले. मला वाटलं होतं, एकदा रडू आलं की त्यात बाबा सापडतील. नाही सापडले. मी नुसतीच रडत होते.

जानेवारीत रियाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तिचा कोळीनाच होता. सकाळपासून नटून बसली होती, गालावर लाली, केसांत अबोली. शिळफाट्याला उतरून पलीकडे जायचं होतं. मी तिचा हात धरला आणि पाऊलच उचलेना. एक ट्रक गेला, दुसरा गेला. ती म्हणत होती, "आई, आता चल, आता मोकळा आहे." मी तिथंच रस्त्याच्या कडेला मातीत बसले. पंक्चरच्या दुकानातला माणूस धावत आला, पाणी दिलं, म्हणाला, "ताई, साखर कमी झाली काय?" मी मान हलवली. त्यानं रिक्षा थांबवून आम्हाला बसवून दिलं. शाळेकडे नाही, घराकडे.

तिचा नाच राहिला. घरी आल्यावर तिनं स्वतःच मोरीत जाऊन तोंड धुतलं. लाली निघत नव्हती, साबण लावून लावून घासली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू परत पहिल्यासारखी होणार का?"

ती काही रडली नाही. नीट विचारलं, एखाद्या मोठ्या माणसासारखं.

संध्याकाळी भावजींना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं "अगं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पनवेलच्या बाई मात्र रागावल्या. असं एकदम सोडायचं नसतं, हळूहळू कमी करतात, तेही विचारून. मी मग त्यांना बाबांचं सांगितलं, ओटीवरचं, कावळ्याचं, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे आधी सांगायचं होतं, यावर करता येतं काहीतरी, गोळी बदलता येते. पण आधी तुम्ही उभ्या राहा.

मी गोळी पुन्हा चालू केली आहे आणि आता ती कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. तुझ्याही नाही. बाबांना माझं रडणं पोचलं असतं की नाही, कोण जाणे. रियाला मात्र रस्ता ओलांडून देणारी आई हवी आहे. तुला हे दगडासारखं वाटलं तर वाटू दे.

ताई


खोपोली, १८ मे २०२५

जितू,

बाबांच्या वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं नाही. मी इथंच त्यांच्या फोटोला फूल वाहिलं. चार दिवसांनी भर दुपारी सुरभीचा फोन आला, "ताई, यांना कर्जतला आनलंय, छातीत दुखतंय, तुमी या." आम्ही तसेच निघालो. पळसदरीपर्यंत मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही.

तू खाटेवर होतास, घामानं भिजलेला. मला बघितलंस आणि मनगट असं पकडलंस की बांगडी फुटली. "ताई, मरतोय मी. बाबांवानीच मरतोय. आपल्या आयला बघ." तुझी बोटं वाकडी होऊन ताठरली होती, ओठांना मुंग्या येतायत म्हणत होतास, श्वास वरच्या वर. डॉक्टर येऊन सांगून गेले, पट्टी बरोबर आहे, रक्तही बरोबर आहे, पित्त झालं असेल.

मला ते दारातूनच कळलं होतं, जितू. स्वतःचं तोंड आरशात ओळखावं तसं.

मी तुझ्या उशाशी बसून म्हटलं, माझ्याबरोबर श्वास सोड. हळू. परत. लहानपणी राजनाल्यात बुडी मारायला शिकवताना म्हणायचे तसं म्हणत राहिले. तू ऐकलंस. बोटं सैल झाली. थोडा वेळ डोळे मिटून माझा हात धरून पडलास. वर्षभरात तेवढाच वेळ मला माहेर होतं.

सुरभीनं बाहेर बोलावून सांगितलं. म्हणे, बाबा गेल्यापासून हे असंच होतंय. शेतावर एकटा जात नाहीस. बाबा पडले तो बांध टाळून लांबून जातोस. जेवताना उठून नाडी बघतोस. कोणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातलीस. म्हणजे पेजेच्या काठी तू माझ्यावर ओरडलास तेव्हाही तुझ्या आत हेच चालू होतं. आणि मी तिथंच, तुझ्या समोर, कोरडी उभी होते.

मी परत आत येऊन तुझ्या कानात म्हटलं, "हे मला होतं तेच आहे रे. याच्यावर औषध आहे."

तू हात काढून घेतलास. "तुझं येगलं हाय. मी काय येडा नाय." आणि भिंतीकडे तोंड केलंस. आई दारात उभी होती, म्हणून मी काही बोलले नाही.

आता बोलते. मी पण वेडी नाही. मला कळतंय तुला काय होतंय, अगदी पोटाच्या कुठल्या कोपऱ्यात होतंय तेही कळतंय, आणि तू मला हात लावू देत नाहीस.

विचार कर. फोन कर. मध्यरात्री केलास तरी मी जागी होईन.

ताई


खोपोली, २९ जून २०२५

जितू,

पुन्हा फोन उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागद.

गेल्या पत्रानंतर फोन करून तू आपणहून विचारलंस, "त्या बाईचा दवाखाना कुटं हाय?" तेव्हा मी चालू गॅसवर भाजी तशीच सोडून खाली बसले होते. त्या दिवशी तू चौक गावावरून पनवेलला आलास, रेनकोट निथळत होता, आणि तरी हसलास. आपण दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो. तू आईच्या गुडघ्यांचं सांगितलंस, रोपं चांगली उतरलीत म्हणालास. वडापाव अर्धा मला दिलास. मग हळूच विचारलंस, "ती काय काय इचारते?" मी म्हटलं, झोप, जेवण, धडधड. घाबरण्यासारखं काही नाही. "आन गोली घेतल्यावर मी पन तुझ्यावानी...?" तू पुरतं बोलला नाहीस. मी म्हटलं, तसं झालं तर बाईंना लगेच सांगायचं. मी सांगितलं नव्हतं. आता सांगते, आणि माझी गोळी बदलून दिलीय त्यांनी.

तू मान हलवलीस. तू आत जाणार होतास, जितू. मला माहीत आहे.

तेवढ्यात गजा आला. आपल्या गावाचा गजाच नेमका तिथं, शेजारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वडिलांना घेऊन. "काय रं जितू, हितं कुटं?" आणि त्याची नजर वर पाटीकडे गेली. मोठ्या अक्षरांत लिहिलंय तिथं, मानसोपचार.

तू उभा राहिलास. म्हणालास, "ताईला आनलंय. तिचं डोक्याचं चालू असतं ना, दोन-तीन वर्षं झाली." आणि वर थोडा हसलास.

गजानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, माझंच आहे."

आणि नेमकी आतून हाक आली, "जितेश..." पुढं आडनावासकट. गजा तुझ्या तोंडाकडे बघायला लागला. तू जमिनीकडे. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "नंबर याच्या नावानं लावला होता," आणि आत गेले.

बाईंना सांगितलं, भाऊ बाहेर आहे, येईल आता. त्या थांबल्या. मी बाहेर येऊन बघितलं तर बाक रिकामा होता.

तुला माहीत असावं म्हणून पुढचं लिहिते, तुझ्यावर राग म्हणून नाही. गजानं घरी जाईपर्यंत गावभर केलं. माझ्या सासूबाईंची बहीण तुमच्याच आळीत राहते, हे तू विसरलास. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाहीत. रियाला स्वतःच्या खोलीत झोपवतात. "बाई, डोक्याचं काय सांगावं," असं शेजारणीला म्हणाल्या, मी मोरीत होते तेव्हा. भावजी त्यांच्याशी भांडले, पण त्यानं काही होत नाही. रिया त्यांच्या खोलीतून उठून हळूच येते आणि माझी उशी ओढून घेऊन जाते.

आईचा फोन आला होता. "कवापासनं गं?" एवढंच विचारलं आणि रडत राहिली. ते तुझं नाही, माझंच आहे, असं तिला सांगितलंय. तुझं तिला काही कळलेलं नाही.

पण सुरभी म्हणाली, परवा लावणीला तू बांधावरच बसलास. चिखलात उतरताच आलं नाही तुला. बायका हसल्या आणि तू घरी निघून गेलास. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

बाईंनी तुझा नंबर पुढच्या मंगळवारी, आठ तारखेला, सकाळचा ठेवलाय. मी त्याच बाकावर असेन. गजा भेटला, गावातलं आणखी कोणी भेटलं, तर पुन्हा तेच सांग. ताईला आणलंय म्हण. ते आता सगळ्यांना माहीतच झालंय, त्यात माझं नवीन काही जायचं नाही. तू म्हण, मी हो म्हणेन.

आत मात्र तू जा रे.

ताई